नक्की काय ते कळेपर्यंत पाय तरी वाचवा : मधुमेहींचे पाय तपासणाऱ्यांना आणि हॉस्पिटल चालवणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुणा एका डॉक्टरांना नाही. मधुमेही माणसाचं पाऊल ज्यांच्या ज्यांच्यासमोर तपासायला येतं त्या सगळ्यांना आहे, म्हणजे फिजिशियन, हाडांचे डॉक्टर, सर्जन, रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, एमआरआयचे रिपोर्ट लिहिणारे, आणि कुठली ओपीडी चालू ठेवायची नि कुठली बंद करायची हे ठरवणारे व्यवस्थापनातले लोक. लिहायचं कारण असं की मी जिथे दाखवते तिथली पायांची एकत्र ओपीडी, जिथे हे सगळे डॉक्टर एकाच दिवशी एकाच खोलीत बसायचे, ती बंद केलीय. आम्हा पेशंटच्या हातात एक छापील कागद दिला, त्यात लिहिलंय की निदान निश्चित झाल्यावर संबंधित विभागात दाखवावे.

माझं निदान निश्चित नाही. त्यामुळे माझा संबंधित विभाग कुठला हे मला सांगता येत नाही आणि काउंटरवरच्या माणसालाही सांगता आलं नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याच्याकडे तोच कागद होता.

माझी केस थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत आणि त्यातल्या कित्येकांना आपल्याला हे झालंय हेसुद्धा माहीत नसेल. डायबेटीस जुना आहे. तळपायाची संवेदना बरीच गेलेली आहे, ते १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून बघतात ना, तो मला बऱ्याच ठिकाणी कळत नाही. डाव्या अंगठ्याखाली मागे एक जखम झाली होती, ती भरली. मग काही काळाने तेच पाऊल सुजलं, लाल झालं, हाताला गरम लागायला लागलं. ताप नाही, उघडी जखम नाही, दुखणं म्हणाल तर नुसतं जड जड वाटायचं. आधी सेल्युलायटिस म्हणजे कातडीतलं नि त्याखालचं इन्फेक्शन सांगितलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. मग गाउट म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा आजार असेल म्हणून रक्तातलं युरिक ॲसिड, मग शिरेत गुठळी असेल म्हणून डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. एक्सरे नॉर्मल. आणि ह्या सगळ्या काळात मी चालत होते, जिने चढत होते, वर्गात उभी राहून शिकवत होते, कारण ह्या पायावर भार देऊ नका असं कुणी म्हणालंच नव्हतं.

शेवटी एमआरआय झाला. रिपोर्टच्या तळाशी लिहिलंय की पावलाच्या मधल्या हाडांमध्ये सूज आहे, शार्को फूटची शक्यता आहे, ऑस्टिओमायलायटिस म्हणजे हाडाचं इन्फेक्शन नाकारता येत नाही, क्लिनिकली कोरिलेट करावे, म्हणजे पेशंटला तपासून रिपोर्टशी ताडून बघावे. आता कोरिलेट कुणी करायचं? हाडांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की इन्फेक्शन नाही ना ते आधी फिजिशियनकडून लिहून आणा, फिजिशियन म्हणाले हाडाचा प्रश्न आहे, ऑर्थोला विचारा. एकत्र ओपीडीत हा प्रश्न टेबलाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला विचारला जायचा आणि दोघं मिळून पाय बघायचे. आता तो मी माझ्या फाइलमधून इकडून तिकडे नेते, आणि तेही त्याच पायाने चालत.

ज्यांना शार्को फूट म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे पत्र त्यांनीही वाचावं असं मला वाटतं. नसा बधिर झालेल्या पावलात कधी एखाद्या छोट्याशा दुखापतीने, कधी काहीच कारण न कळता आतून जळजळ सुरू होते, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत इन्फ्लमेशन. हाडं ठिसूळ होतात, सांधे सरकतात, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्यावर चालत राहतो, त्या चालण्याने हाडं आणखी मोडतात, जळजळ आणखी वाढते. वेळेत थांबवलं नाही तर पावलाची कमान खचते आणि तळवा मध्ये खाली फुगतो, मग त्या फुगलेल्या जागी दाब पडून जखम होते, जखमेत इन्फेक्शन, आणि पुढे पाय कापायची वेळ येऊ शकते. सुरुवातीच्या दिवसांत एक्सरे अगदी नॉर्मल असू शकतो, हाडातली सूज फक्त एमआरआयमध्ये दिसते. हीच वेळ पाय वाचवायची असते. उपाय औषधाच्या गोळीत नाही, गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर किंवा तसाच बूट घालून पाऊल स्थिर ठेवायचं आणि त्याच्यावरचा भार काढायचा, आणि हे काही आठवडे नाही, महिनोन्‌महिने.

हा काही काल-परवा सापडलेला आजार नाही. फ्रान्समधले शार्को यांनी नसांच्या आजारातल्या अशा सांध्यांचं वर्णन १८६८ मध्ये केलं, मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये जॉर्डन यांनी दाखवला. तरी अजून गरम सुजलेलं पाऊल दिसलं की पहिल्यांदा मनात सेल्युलायटिसच येतो. मी समजू शकते, सेल्युलायटिस जास्त दिसतो, आणि इन्फेक्शन नजरेतून सुटलं तर पेशंटचा जीव जाऊ शकतो. पण बधिर पाय, कातडी शाबूत, ताप नाही, तरी एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, एवढं समोर असताना शार्कोचं नाव किमान केसपेपरवर तरी यायला हवं ना.

आता अनिश्चिततेबद्दल. तुम्ही लगेच नक्की सांगा असा माझा हट्ट नाही. शार्को आणि हाडाचं इन्फेक्शन एमआरआयमध्ये एकमेकांसारखे दिसू शकतात हे मला समजावून सांगितलंय. साधारणपणे इन्फेक्शन जखमेला लागून असलेल्या हाडात असतं, शार्को पावलाच्या मध्यभागी आणि एकाहून जास्त सांध्यांत असतो, पण माझी जुनी जखम पुढे आणि सूज मध्ये, त्यामुळे कौल शार्कोकडे असला तरी खात्री देता येत नाही. जखमेतून सळई घालून हाडाला लागते का बघतात ती तपासणी माझी जखम भरल्यामुळे होत नाही. पक्कं उत्तर हवं तर हाडाचा तुकडा काढून तपासावा लागतो, त्याचीही आपली जोखीम आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात. हे सगळं मला मान्य आहे. ज्या डॉक्टरांनी समोर बसवून, पाय हातात घेऊन "मला अजून नक्की माहीत नाही" असं सांगितलं त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे.

मला मान्य नाही ते हे, की तुम्हाला नक्की माहीत नाही म्हणून पाय वाऱ्यावर सोडायचा.

पहिली तक्रार हीच. निदान ठरेपर्यंत काय करायचं हे कुणी सांगत नाही. खरं तर ह्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं आहे. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, आयडब्ल्यूजीडीएफने, २०२३ मध्ये शार्कोसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात म्हटलंय की संशय आला की तपासण्या चालू असतानाच पाऊल गुडघ्यापर्यंत स्थिर करा. तपासण्या संपल्यावर नाही, चालू असतानाच. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या सूचना सांगतात की शार्कोचा संशय असेल तर कामाच्या एका दिवसाच्या आत पायांच्या टीमकडे पाठवा, आणि पक्के उपचार सुरू होईपर्यंत पायावर भार येऊ देऊ नका. विकृती दिसत नसेल, पेशंट दुखतंय म्हणत नसेल, तरीही शार्कोचा विचार करा असंही त्यात आहे. आणि मला काय सांगितलं गेलं, तर "दुखत नाही ना, मग हळूहळू चाला". दुखत नाही हाच तर आमचा आजार आहे हो. ज्या पायाला मोडलेलं हाड कळत नाही त्याला किती चालायचं ते कसं कळणार.

दुसरं म्हणजे अँटिबायोटिक. सूज, लाली बघून लगेच चालू करायचं, उतरली नाही की बदलायचं, मग तिसरं. खरंच इन्फेक्शन असेल तर ते लागेलच, हाडाचं असेल आणि ऑपरेशन करायचं नसेल तर साधारण ६ आठवडे घ्यावं लागतं तेही मला माहीत आहे, त्याला माझी ना नाही. पण पुढे हाडाचा नमुना घ्यायचा ठरलं तर चालू अँटिबायोटिकमुळे त्यात जंतू न सापडण्याची शक्यता वाढते, म्हणजे आज विचार न करता लिहिलेली गोळी उद्याचं उत्तर पुसून टाकते. आणि सूज का उतरली हेही मग कुणाला कळत नाही, गोळीने की त्या दिवसांत मी रजेवर घरी पाय वर करून पडले होते म्हणून. कुणी तरी विचारायला हवं होतं की पाय वर करून ठेवल्यावर लाली जाते का. शार्कोत ती बऱ्याचदा थोड्या मिनिटांत कमी होते, इन्फेक्शनमध्ये सहसा तशीच राहते. एवढ्याने निदान पक्कं होत नाही, पण ह्याला ना पैसे लागतात ना मशीन लागतं.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही बोलायचंय. सीआरपी, ईएसआर म्हणजे शरीरातली जळजळ दाखवणारे आकडे थोडे इकडेतिकडे झाले की तेवढ्यावरून शार्को आहे किंवा नाही ठरवून टाकतात. त्यासाठी त्यांचा आधार घेऊ नका असं वर सांगितलेल्या २०२३ च्या सूचनांमध्येच आहे.

आणि तपमान. माझी मुलगी रोज रात्री माझे दोन्ही पाय बाजूबाजूला ठेवते आणि कपाळाला धरतात तसल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही पावलांवर त्याच त्याच जागांवर तपमान घेते, पेनने बारीक ठिपके केलेत जागा चुकू नये म्हणून. डावीकडचा आकडा उजवीकडच्यापेक्षा किती जास्त ते वहीत लिहिते. साधारण २ अंश सेल्सिअसहून जास्त फरक असेल तर आत आजार चालू आहे असं धरतात, हे तिला एकत्र ओपीडीतल्या सिस्टरनी शिकवलं. ती वही मी प्रत्येक विभागात घेऊन जाते. कुणी उघडून बघत नाही. दोन महागड्या स्कॅनच्या मधल्या काळात पाय कुठल्या दिशेला चाललाय हे त्या वहीतच आहे. आणि फरक कमी झालेला दिसला की आम्ही दोघी जेवढ्या आनंदाने झोपतो तेवढ्या आनंदाने एरवी कुठल्याच रिपोर्टनंतर झोपत नाही.

ह्या जगण्याबद्दल थोडं सांगू द्या, कारण केसपेपरवर त्याला रकाना नसतो. शार्को असेल तर पाय हलवायचा नाही, इन्फेक्शन असेल तर कदाचित हाड काढायचं, दोन्ही गोष्टींची तयारी एकाच वेळी मनात ठेवायची. रोज सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी बघते, आकार बदलला का, घोट्याखाली नवीन फुगवटा आला का. घरातले विचारतात नक्की काय झालंय, त्यांना काय सांगू. शाळेत रजेच्या सर्टिफिकेटवर आजाराचं नाव लागतं, डॉक्टर म्हणतात निदान नाही तर नाव कसं लिहू, आणि नाव नाही म्हणून रजा मंजूर होत नाही, मग पुन्हा उभं राहून शिकवणं आलं, म्हणजे ज्या गोष्टीने पाय मोडायचा तीच. बाहेरून पाय धड दिसतो, मी लंगडत नाही, कण्हत नाही, त्यामुळे मी उगाच बाऊ करते असं वाटणारे लोक आहेत आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मलाच आतून काही जाणवत नाही. उजव्या पायाची वेगळी काळजी, डाव्याचा भार त्याच्यावर येतो आणि शार्को दुसऱ्या पायातही होऊ शकतो. प्लास्टर किंवा उंच बूट घातला तर एक पाय उंच होतो, मग दुसऱ्या चपलेला तळ वाढवून घ्यावा लागतो नाही तर कंबर आणि गुडघा धरतो, हीसुद्धा मला डॉक्टरांनी नाही, ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या एका काकांनी सांगितलेली गोष्ट. त्या बाकावर आम्ही एकमेकांकडून पुष्कळ शिकलो. ओपीडी बंद झाली आणि तो बाकही गेला.

प्लास्टर घालायला तुम्ही का कचरता ते मी ऐकलंय. आत इन्फेक्शन असलं आणि वरून बंद केलं तर दिसणार नाही, रक्तपुरवठा कमी असेल तर धोका, बधिर पायाला प्लास्टर घासलं तरी कळणार नाही. बरोबर आहे. पण म्हणून काहीच घालायचं नाही असं होत नाही ना, काढता येणारा गुडघ्यापर्यंतचा बूट असतो, तो सतत घालायला सांगा, मी झोपेतही काढणार नाही. आधी पायाची नाडी बघा, हवं तर पायाच्या बोटातल्या रक्तदाबाची तपासणी करा, कारण मधुमेहात पायाच्या धमन्या कडक झाल्या की घोट्याच्या रक्तदाबाचा आकडा फसवा येतो. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं तर लवकर बोलवा, बदला. ह्या प्रत्येक भीतीवर उपाय आहे, फक्त तो करायला एक जबाबदार माणूस लागतो आणि आत्ता तोच नाही.

म्हणून मागण्या. एकत्र ओपीडी पुन्हा सुरू करा. रोज नको, ठरलेल्या एका दिवशी, पण फिजिशियन, हाडांचे डॉक्टर आणि रक्तवाहिन्यांचे डॉक्टर एकाच वेळी एकाच पायाकडे बघतील अशी. आणि "निदान निश्चित झाल्यावर" हे शब्द त्या कागदावरून काढा, ज्यांचं निदान निश्चित नाही त्यांनाच ह्या ओपीडीची सगळ्यात जास्त गरज आहे.

ती सुरू होईपर्यंत माझ्यासारख्या प्रत्येक पेशंटच्या फाइलवर एका डॉक्टरचं नाव लिहा, ज्यांनी रिपोर्ट एकत्र बघायचे आणि दुसऱ्या विभागाला स्वतः फोन करायचा. फाइल घेऊन चालत फिरायचं काम बधिर पायाच्या माणसाला देऊ नका, ज्याला देता येत असेल त्याला व्हीलचेअर द्या.

कॅज्युअल्टी आणि जनरल ओपीडीत लिहून लावा की मधुमेह, बधिर पाय आणि एक पाऊल गरम-सुजलेलं असेल तर शार्को नाही हे सिद्ध होईपर्यंत तो शार्को समजून भार काढायचा, इन्फेक्शनची तपासणी बरोबरीने चालू ठेवायची. एक्सरे नॉर्मल आला म्हणून घरी पाठवायचं नाही, एमआरआय लवकर करायचा, आणि एक्सरे जमेल तिथे दोन्ही पायांचे, भार देऊन उभं करून काढायचे म्हणजे तुलना करता येते.

केसपेपरवर अनिश्चितता स्पष्ट लिहा. "शार्कोचा संशय, ऑस्टिओमायलायटिस वगळणे बाकी, भार देऊ नये, अमुक तारखेला पुन्हा तपासणे." एवढी एक ओळ. तिच्यावर रजाही मंजूर होऊ शकते आणि रात्री अपरात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांनाही कळतं. सोबत हेही लिहून द्या की काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं: ताप, थंडी वाजणं, नवी जखम, पाणी किंवा पू, अचानक वाढलेली सूज, शुगर एकदम चढणं.

नायलॉनचा धागा, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि पाय तपासायला शिकलेल्या सिस्टर प्रत्येक डायबेटीसच्या ओपीडीत असू द्या, आणि आमचे मोजे-चपला प्रत्येक वेळी काढायला लावा, आम्ही स्वतःहून काढत नाही तरी.

व्यवस्थापनाने ह्या पत्राचं उत्तर लेखी द्यावं, ओपीडी का बंद केली आणि तिच्यातल्या पेशंटची जबाबदारी आता कुणाकडे आहे एवढं तरी त्यात असावं. तोंडी आश्वासन नको. माझी पुढची तपासणी कुठल्या विभागात आहे हे आज लिहिताना ठरलेलं नाही, पाऊल अजून गरम आहे.

आपली,
पायांच्या ओपीडीतली एक पेशंट